हाक्ला, सार?

१६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्या काळी घोड्याला चंदी कसली आणि किती घालायची हे मोतद्दार बघायचा, आणि घोड्याची पारख तो धावतो कसा यावरून व्हायची. आज त्याच शहरात आमच्या मेहुण्याच्या दारात १२० घोडे उभे आहेत. ते धावतात किती, हे कुणी विचारत नाही. खातात काय, हे मात्र मेहुणा सगळ्यांना सांगतो.

मेहुणा पुण्याचा, नोकरी व्हाइटफील्डला. तीन महिन्यांपूर्वी त्याने टर्बो गाडी घेतली. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजीन. परवा त्याच्याबरोबर पेट्रोल पंपावर गेलो. तिथल्या मुलाने नळी उचलली आणि विचारलं, ‘‘प्रीमियम हाक्ला, सार?’’

कन्नडमध्ये ‘हाक्ला’ म्हणजे ‘घालू का?’ मराठीत हाकायची ती गाडी. बेंगळुरूत दोन्ही भाषा सुखाने नांदतात, पण हाकणं एकच उरलंय, कन्नडमधलं.

‘‘हाकी, हाकी,’’ मेहुणा म्हणाला.

‘‘अरे, साधं का नाही घेत?’’

‘‘टर्बो आहे, भाऊजी. साधं पचत नाही तिला.’’

खरं तर त्याला १०० ऑक्टेनच हवं असतं. १ डिसेंबर २०२० ला इंडियन ऑइलने ‘एक्सपी १००’ आणलं, तेव्हा दिल्लीत त्याचा भाव होता लिटरला १६० रुपये. पहिल्या दहा शहरांच्या यादीत पुणे होतं, बेंगळुरू नव्हतं. ‘आमच्या पुण्यात’ अशी सुरुवात करायला मेहुण्याला एवढंच निमित्त पुरतं.

आता ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली दम धरायची पेट्रोलची जी तयारी, तिचं माप म्हणजे ऑक्टेन. टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. त्याने दाब वाढतो, उष्णता वाढते. मग ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकलं, की इंजीन ठकठकतं. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. हल्लीच्या गाडीत ही ठकठक ऐकायला सेन्सर असतो. तो ऐकतो, कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो, जोर थोडा उतरतो आणि इंजीन वाचतं. चूक ऐकून घ्यायची आणि वाद न घालता माघार घ्यायची, हे आमच्या सासुरवाडीच्या गोतावळ्यात फक्त त्या सेन्सरलाच जमतं.

ताकदीचंच म्हणाल तर इथेनॉल पाहा. ऑक्टेन १०८ च्या आसपास, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. म्हणजे आकडा मोठा आणि कस कमी. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंतप्रधानांच्या हस्ते बाजारात आलं, तेही ६ फेब्रुवारी २०२३ ला याच बेंगळुरूत. त्यामुळे साध्या पेट्रोलचाही ऑक्टेन आता ९५ झाला, असं सरकार सांगतं. मेहुणा जास्तीचे पैसे मोजून ९५ घेतो. मागचा स्कूटरवाला ९५ च घेऊन जातो, न मागता, आणि वर मायलेज पडलं म्हणून कुरकुरतो. महागड्या पेट्रोलात इंजीन साफ ठेवणारी रसायनंही असतात, हे कबूल. पण मेहुणा पैसे मोजतो ते आकड्याचे.

‘‘तुझ्या गाडीला काय हवं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल की,’’ मी म्हटलं. त्याने कप्प्यातून पुस्तक काढलं. वरचं प्लास्टिक शाबूत, त्यावर वाळलेलं हळदीकुंकू आणि चार अक्षता. गाडीबरोबर पुस्तकाचीही पूजा झाली होती. दसऱ्याला पुस्तकं पुजतात आणि त्या दिवशी वाचत नाहीत. मेहुण्याने तोच नियम तीन महिने निष्ठेने पाळला होता. प्लास्टिक मी फाडलं. आत लिहिलं होतं : ऑक्टेन, किमान ९१.

मेहुणा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘किमान लिहिलंय, भाऊजी. कमाल कुठे लिहिलंय?’’

तिथून निघालो ते सिल्क बोर्डच्या चौकात येऊन थांबलो. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक-मोजणीत बेंगळुरूत १० किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागले. जगात तिसरा नंबर. पुणे चौथं, ३३ मिनिटं २२ सेकंद. सासुरवाडी ४८ सेकंदांनी हुकली, याचं मेहुण्याला आजही वाईट वाटतं.

टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर. गाडी उभी असली की तो जवळपास झोपलेलाच. घाट चढताना किंवा भरल्या गाडीने ओव्हरटेक करताना ऑक्टेनला काही काम असतं. सिल्क बोर्डला आमचे १२० घोडे उभ्या उभ्या महागाची चंदी खात होते.

सिग्नल हिरवा व्हायला अजून सात सेकंद होते. मागच्याने हॉर्न दिला. एकदाच, तोही छोटा. मेहुण्याने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत एकदम सुरू झाला.

मी डॅशबोर्डवर हात ठेवून पाहिला. इंजीन अगदी शांत होतं. ठकठक स्टिअरिंगच्या मागून येत होती.