दोन शून्यं लावून पाहिलेला युरोप

युरोने शंभर रुपयांची रेघ ओलांडली तेव्हा इथे जर्मनीतल्या मराठी पोरांनी एकमेकांना फोन करून सांत्वन केलं. माझी मात्र सोय झाली. आधी दुकानात उभ्या उभ्या फोन काढून कधी ८९ने, कधी ९१ने गुणावं लागायचं. आता नुसती दोन शून्यं लावायची. कॉफी साडेतीन युरो, म्हणजे साडेतीनशे रुपये, म्हणजे तहान नव्हतीच.

वाचून कोणी वर्गणी गोळा करायला लागेल, म्हणून आधीच सांगतो: स्टुटगार्टला मला बरी नोकरी आहे, पगार वेळेवर होतो. काटकसर ही आमची गरज नाही, तो आमचा खेळ आहे. पोरं शनिवारी क्रिकेट खेळतात, तसं आम्ही शुक्रवारी रात्री सर्वांत स्वस्त तिकीट शोधतो. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून तो प्रवास करावा लागतो.

या खेळाचं मुख्य हत्यार म्हणजे डॉइचलँड-तिकीट. महिन्याला ६३ युरो भरायचे आणि देशभरातल्या लोकल, बस, ट्राम, पॅसेंजर गाड्यांतून हवं तितकं हिंडायचं. मे २०२३मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२५च्या जानेवारीत ५८ झालं, २०२६च्या जानेवारीत ६३. त्याही आधीची, २०२२च्या उन्हाळ्यातली गोष्ट इथले जुने लोक सांगतात. जून ते ऑगस्ट तीन महिने, महिन्याला फक्त ९ युरो! पुण्यात लोक पेशवाईबद्दल बोलतात त्या सुरात ते हे बोलतात आणि मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसतात.

तिकिटात एकच बारीकशी गोम आहे. जलद गाड्यांना ते चालत नाही. स्टुटगार्टहून बर्लिनला जलद गाडी पाच-सहा तासांत पोचवते. आम्ही पॅसेंजर बदलत बदलत त्याच्या दुप्पट वेळ घेतो. आजोबा सांगायचे, पूर्वी लोक असेच काशीला जायचे, पण त्यांना निदान पुण्य मिळायचं. माझा रूममेट मूळचा साताऱ्याचा, पाच वेळा गाडी बदलून बर्लिनला पोचला, ब्रांडेनबुर्ग फाटकासमोर फोटो काढला आणि परतीची पॅसेंजर चुकू नये म्हणून तसाच धावत निघाला. घरच्यांना दिसलं फाटक आणि त्याचं हसू. रात्री दोन वाजता कुठल्याशा जंक्शनच्या थंडगार बाकावर सॅक उशाला घेऊन बसलेला तो कोणाला दिसला नाही, कारण तो फोटो आम्ही टाकत नाही.

विमानाचं तंत्र वेगळं. फ्रँकफर्टच्या नावावर तिकीट काढलं तर ‘फ्रँकफर्ट-हान’ नीट वाचावं. हा पूर्वीचा अमेरिकन हवाई दलाचा तळ, फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर. पुण्याचं तिकीट काढावं आणि महाबळेश्वरला उतरवावं, तसं. असल्याच एका विमानतळावरून आम्ही दोघं जुलैत मायोर्का बेटावर निघालो. तिकीट १९ युरो. आनंद इतका, की आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, “परत येतानाचं पण घेतलंस ना रे?”

फुकट न्यायची बॅग ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरची. दारापाशी बॅगेच्या मापाचा सांगाडा ठेवलेला असतो. त्यात बॅग सहज उतरली पाहिजे. ढकलून बसवलेली धरत नाहीत. माझी उतरली. रूममेटची दोन बोटं वर राहिली. त्याने शांतपणे चेन उघडली आणि तिथेच उभा राहून कपडे घालायला सुरुवात केली. टी-शर्टवर टी-शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर पावसाळी जाकीट. चार्जर एका खिशात, भाकरवडीचं पाकीट दुसऱ्यात, चपला काखेत. बाहेर तीस अंश ऊन. मागच्या रांगेतल्या जर्मन आजीबाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? एवढं करूनही बॅग अडलीच, कारण तळाशी त्याच्या मावशीने दिलेली पितळी खलबत्त्याची जोडी होती. ती मायोर्काला कशाला, हे मी अजून विचारलेलं नाही. दंड पडला तिकिटाच्या तिप्पट. लोणचं तर आधीच गेलं होतं: तिथल्या सुरक्षा तपासणीत लोणचं द्रव पदार्थ ठरतं आणि १०० मिलिलिटरच्या वर नेता येत नाही, फोड कितीही कडक असली तरी.

पॅरिसला रात्रीच्या बसने गेलो, म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचते. पाठ वाचत नाही, ते वेगळं. लूव्र संग्रहालयात युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्यांना सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत फुकट प्रवेश आहे. माझ्या त्या वाढदिवसाला दोन महिने झाले होते. दोन महिने! तिकिटाला दोन शून्यं लावली आणि बाहेरचा काचेचा पिरॅमिड दीड तास पाहिला. तो फुकट दिसतो. मोनालिसा कशी आहे म्हणून घरून विचारलं, तर म्हटलं, गर्दी फार होती. हे खोटं नाही, रांग मी डोळ्यांनी पाहिली.

बाकी उत्पन्नाचं साधन म्हणजे बाटल्या. पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८ सेंट. सुपरमार्केटातल्या यंत्राच्या तोंडात बाटली द्यायची, ते गिळतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. चार बाटल्या म्हणजे शंभर रुपये. फुटबॉलचा सामना संपून लोक स्टेडियमबाहेर पडतात तेव्हा रूममेट स्कोअर विचारत नाही, लोकांच्या हातांकडे बघतो. स्टेशनावरच्या स्वच्छतागृहात मात्र एकदा जायला एक युरो पडतो, म्हणजे चार बाटल्या. त्यामुळे पाणी प्यावं की नाही, हाही हिशेब करावा लागतो.

आई-बाबा मे महिन्यात येताहेत. पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड अशी यादी करून पाठवली होती. बाबांनी ती नीट वाचली, वर तिकिटांचे भाव लिहिले, प्रत्येकापुढे दोन शून्यं लावली आणि रविवारी फोन केला: ते बाटल्या गिळणारं यंत्र तुमच्या घरापासून किती लांब आहे?

चालत सात मिनिटं. रविवारी बंद असतं.