लेडी ड्रिव्हन, म्हणे!

ऐकलंत का? दुबईतल्या आपल्या मराठी मंडळींना नवीन वेड लागलंय. सोनं नव्हे, डाउनटाउनचा फ्लॅट नव्हे. जुनी फोर बाय फोर! हळदीकुंकवाला गेलं तर वाण हातात पडायच्या आधी प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे काय वहिनी, पॅट्रोल की प्राडो?’ आमच्याकडे सेडान आहे म्हटलं की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर अशी कणव उमटते, जणू आमचं दिवाळंच निघालंय.

घरातला पंखा कुरकुरला तरी माणूस बोलावणारे भाऊजी आता हत्ताच्या रस्त्यावरच्या ‘बिग रेड’ नावाच्या वाळूच्या टेकडीपाशी उकिडवे बसून टायरमधली हवा काढतात. पंधरा पीएसआयवर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. हे ज्ञान ते आता प्रत्येक बारशात वाटतात.

बरं, गाडी घेतात कशी? तर जाहिरात वाचून! आणि प्रत्येक जाहिरातीत एकच मंत्र : ‘लेडी ड्रिव्हन, फॅमिली यूज्ड’. अहो, या सगळ्या जाहिराती खऱ्या मानल्या तर इथल्या पुरुषांनी आजवर गाडी चालवलीच नाही म्हणायची. मग खालून चेपलेला तो लोखंडी पत्रा आणि रेडिएटरच्या कोपऱ्यात साचलेली लाल वाळू? ती कुणी आणली, त्या लेडीने शाळेच्या फेरीत?

एका सोलापूरकरांनी तर कहरच केला. बाजारभावापेक्षा कितीतरी स्वस्त, चकचकीत गाडी आणली आणि पेढे वाटले. निघाली ‘अमेरिकन स्पेक’. म्हणजे अमेरिकेत ठोकली गेलेली, विमा कंपनीने भंगारात काढलेली, लिलावातून जहाजाने इथे आलेली आणि रंगरंगोटी करून विकलेली. सगळ्याच अमेरिकन गाड्या अशा नसतात, पण चेसिस नंबरवरून तिकडचा इतिहास सहज काढता येतो. यांनी गाडीची पत्रिका सोडून स्वतःची पत्रिका दाखवली, मुहूर्तासाठी! जीसीसी स्पेक, म्हणजे आखाती उन्हासाठीच बनवलेली, तिचा रेडिएटर आणि एसी इथल्या उन्हाळ्याला पुरतो. यांच्या गाडीची सुई जुलैत लाल रेषेला टेकते.

आणि पुरातल्या गाड्या! १६ एप्रिल २०२४चा पाऊस आठवतो ना? १९४९पासून नोंदी ठेवतात इथे. इतका पाऊस त्यात कधीच नव्हता. अल ऐनजवळ तर चोवीस तासांच्या आत २५० मिलिमीटरच्या वर. रस्त्यारस्त्यांवर गाड्या बुडाल्या. त्या सगळ्या काय संन्यास घेऊन गेल्या? दार उघडताच उदाचा घमघमाट आला तर भुलू नका, सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसली की निमूट चप्पल घालायची. गालिचा उचलून बघायला लाजू नये. विकणारा कुठे लाजतोय?

खरा विनोद मात्र पुढेच आहे. ज्या फोर बाय फोरसाठी एवढा आटापिटा, तो चारही चाकांना हळू गतीत जास्त जोर देणारा फोर-लोचा दांडाच गाडी घेताना कुणी ओढून बघत नाही! सनरूफ उघडतो का ते तीनदा बघतील. गाडी थांबवून, न्यूट्रल करून, दांडा फोर-लोला टाकून सरळ रेषेत जरा पुढे-मागे घ्यायची, एवढंच तर काम. वर्षानुवर्षं न हललेला दांडा कित्येकदा गंजून बसलेला असतो. टायरवरचे चार आकडेही वाचावेत. २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर इथल्या पासिंगला चालत नाही. आणि पासिंग झालं म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत, असं कुणी सांगितलं तुम्हाला? ते ब्रेक बघतात, दिवे बघतात, धूर बघतात. तुमचं नशीब नाही बघत.

‘रिटायर झालो की हीच गाडी कोल्हापूरला नेणार,’ हे तर ऐकून ऐकून कान किटले. कशी नेणार, भाऊजी? स्टीअरिंग डावीकडे. जुनी गाडी भारतात आणायची तर उजव्या स्टीअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली लागते.

तेव्हा घ्यायचीच असेल तर उंची न वाढवलेली, मोठाले टायर न चढवलेली, एका मालकाची, सर्व्हिसच्या पावत्या असलेली जीसीसी प्राडो किंवा पजेरो बघा. पजेरोचं उत्पादन २०२१मध्ये थांबलं, पण जुन्या अजून भरपूर फिरताहेत. आणि तपासणी विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजात नको, तुमच्या गॅरेजात करा. विकणारा ‘नको, घाई आहे’ म्हणाला, तर ती गाडी घेऊ नका.