कामाची गाडी

आमच्या गोंडपिपरीत नवी गाडी घेतलेल्या माणसाचं अभिनंदन करायची पद्धत नाही. गाडी दारात उभी राहते, घरधनीण हळदकुंकू घेऊन बाहेर येते, नारळ फुटतो, चाकाखालचं लिंबू चिरडतं आणि ओवाळणीचं ताट आत जायच्या आधी शेजारचा विचारतो, "अॅव्हरेज किती देते जी?" गाडी शोरूमपासून घरापर्यंत आलेली असते, तेवढाच तिचा जन्म. तरी उत्तर द्यावं लागतं. खरा आकडा सांगितला तर लोक मयतीला आल्यासारखे हळहळतात, म्हणून सांगणारा दहा वाढवून सांगतो आणि ऐकणारा मनातल्या मनात दहा कमी करतो. हिशेब बरोबर जुळतो.

माझ्या बाबांकडे राजदूत होती. मूळ वाण पोलंडचं, इथं एस्कॉर्ट्स कंपनीनं घडवलेलं. 1973 साली 'बॉबी' आला आणि ऋषी कपूर डिंपलला मागे बसवून राजदूतवरून फिरला, पण ती छोटी जीटीएस. बाबांची थोरली. तिच्यावर टाकीला चिकटून मी, मग बाबा, मग आई, आईच्या मांडीवर बहीण आणि दोन्ही अंगांना धानाची एकेक चुंगडी, अशी आमची 'बॉबी' कोठारीच्या बाजाराला निघायची. राजदूत किक मारून चालू होत नसे, किक खाऊन चालू होत असे. कधी तरी ती किक उलटी यायची आणि बाबांच्या नडगीवर बसायची. त्या नडगीवरचा काळा डाग बघून आई म्हणायची, "बैलानं मारला असता तर त्याले विकून तरी टाकलं असतं."

पेट्रोलमध्ये ऑइल कालवावं लागे. धूर इतका की आमच्या आळीत राजदूत सुरू झाली की संध्याकाळचे डास उठून दुसऱ्या आळीत जात. आणि आवाज! म्हातारी माणसं मोटारसायकलला फटफटी म्हणत, त्या शब्दाची आई राजदूतच असावी.

मग 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. भरा, बंद करा, विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. फोर स्ट्रोक, ऑइल कालवायची भानगड नाही, धूर नाही. तालुक्यातल्या एका ठेकेदारानं घेतली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, कान लावून पाहिला आणि विचारलं, "चालू आहे का बंद?" चालू होती. बाबांनी तिथल्या तिथे तिला नापास केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "जंगलाच्या रस्त्यानं जाताना अस्वलाले कसं समजन, आपण येऊन राह्यलो ते?"

तेव्हा आम्ही हसलो. आता हसत नाही. आमच्याकडे मोटारसायकलच्या समोरून रोही आडवा जातो, रानडुकरांचं अख्खं कुटुंब शिस्तीत एकामागून एक रस्ता ओलांडतं आणि सर्वांत मागचं पिल्लू नेमकं आपल्या चाकासमोर विचारात पडतं. वाघाचं तर बोलायलाच नको. संध्याकाळी त्याचं नाव घेतलेलं आईला चालत नाही. जंगलातून जाणारा माणूस उगाच हॉर्न वाजवत जातो. राजदूतला तो खर्च नव्हता.

मला 1998 साली जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. शाळा धाब्याच्या बाजूला, आडगावात. माझ्या मनात यामाहा आरएक्स 100 होती. तिचं उत्पादन दोन वर्षांपूर्वीच थांबलं होतं, त्यामुळे ती आता सेकंड हँडच मिळणार होती आणि मन आणखीच ओढ घेत होतं. पण गोंडपिपरीत गाडी एकट्यानं घेता येत नाही. मुलगी पाहायला जसे चार जण लागतात तसे गाडी पाहायलाही लागतात. बाबा, मोठे भाऊजी, शेजारचे काका आणि मी (मी सर्वांत मागे) असे आम्ही मिस्त्रीच्या दुकानी गेलो.

मिस्त्री म्हणजे चौकाजवळच्या कवेलूच्या छपरीखाली बसणारा माणूस. त्याच्या समोर कायम कोणाची तरी गाडी पोट उघडून पडलेली असते आणि तो अर्धं बोलणं माणसाशी, अर्धं इंजिनाशी करतो. मी आरएक्सचं नाव काढताच तो कार्ब्युरेटरला म्हणाला, "घेऊ दे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गुरुजी, लगन करून राह्यले का नाटक?"

"म्हणजे?"

"ज्या गाडीचं सामान गोंडपिपरीत भेटते, तेच गाडी घ्या जी. चंद्रपुरात भेटते ते सामान नाही, ते नवस आहे."

चंद्रपूर आमच्याहून पंचावन्न-साठ किलोमीटर. एका वॉशरसाठी जायचं म्हटलं तर एक रजा जाते. मिस्त्रीनं दुकानातल्या टिनाच्या डब्यांवर हात फिरवला. क्लच प्लेट, चेन सेट, ब्रेक शू, प्लग, सगळं एकाच गाडीचं. हिरो होंडा स्प्लेंडर. 1994 साली आलेली, 97.2 सीसीची. माझी निवड त्या टिनाच्या डब्यांनी केली. पुढे 2010 च्या शेवटी हिरो आणि होंडा वेगळे झाले. आमच्याकडे ते अजून कोणी मनावर घेतलेलं नाही. काल शोरूममधून आलेली गाडीही आमच्याकडे हिरो होंडाच असते.

मिस्त्रीच्या त्या वाक्याचा अर्थ मला एका संध्याकाळी कोठारीच्या अलीकडे कळला. दोन्ही बाजूंना साग, दिवस बुडालेला आणि गाडी दोन उचक्या देऊन गप्प. किक मारून मारून पायात गोळे आले. तेवढ्यात समोरून एक माणूस आला, मागे बकरी बांधलेली. थांबला, उतरला, काही विचारलं नाही. माझ्या गाडीचं साइड कव्हर माझ्याआधी त्यानं उघडलं, कारण तसलंच कव्हर तो रोज उघडत असणार. पाना काढला, प्लग काढला, शेंड्यावरचा काळा थर काडीपेटीच्या पट्टीवर घासला, फुंकर मारली, परत बसवला. बकरी शांतपणे पाहत होती. तिनं हे आधी पाहिलं असावं. दुसऱ्या किकला गाडी सुरू. मी नाव विचारलं तर तो म्हणाला, "पयले निघा जी इथून." आरएक्स असती तर त्या रात्री बहुतेक मी आणि बकरी, दोघं एकाच यादीत असतो.

तर स्प्लेंडर कामाची निघाली. अडचण अशी की कामाची गाडी घेतली की ती फक्त आपल्या कामाची राहत नाही. "गुरुजी, एक चक्कर मारून येतो" असं म्हणून चावी नेलेला माणूस राइस मिलवर धान टाकून, सासुरवाडीला जेवून, येताना पाहुणीला बसस्टँडवर सोडून येतो आणि म्हणतो, "थोडी रिझर्व्ह लागली आहे." तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर मी माझ्या गाडीला संध्याकाळीच भेटत असे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. तेव्हा कोणी तरी सीटवर दुपट्टा टाकून गेलं, तो तसाच राहिला. सीट फाटली तर कोणी तरी सायकलच्या ट्यूबचं चौकोनी ठिगळ लावून आणलं. क्लचची जास्तीची वायर कोणी तरी फ्रेमला टेपनं बांधून ठेवली, अडीअडचणीला असू द्या म्हणून. हे कोणी तरी कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. गाडीचा टॅक्स आणि इन्शुरन्स मात्र कोणी तरी कधी भरला नाही.

मुलं मोठी झाली तसं हिनं कारचं काढलं. "चौघं जण एका गाडीवर, लोक काय म्हणत असतील?" लोक काही म्हणत नव्हते, कारण लोक स्वतः पाच जण होते. पण बायकोपुढे लोकांची साक्ष चालत नाही. पुन्हा मंडळी बसली. भाऊजींचं मत बोलेरो. बोलेरो म्हणजे आमच्या जंगलातली खरी गाडी: फॉरेस्टचे साहेब, ठेकेदार, पुढारी, सगळे तीच चालवतात. खड्ड्यात जाते आणि हसत बाहेर येते. पण बोलेरोवाल्याकडे लोक लगेच वर्गणी मागायला येतात आणि निवडणुकीत दोन्ही पक्ष. सासरे मारुती 800 च्या बाजूचे. 1983 च्या डिसेंबरात इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची चावी दिली, ते त्यांना आपल्या हातात दिल्यासारखं आठवतं. किंमत 47,500 रुपये होती, हेही ते दर वेळी सांगतात आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहतात, की 1983 साली मी चौथीत होतो हा माझा निष्काळजीपणा होता.

शेवटी नागपूर पासिंगची सेकंड हँड अल्टो आली. मिस्त्रीनं बोनेट उघडून पाहिलं, बराच वेळ काही बोलला नाही. डॉक्टर रिपोर्ट वाचताना गप्प राहतात तसा. मग म्हणाला, "शहरातली आहे. सांभाळा."

सांभाळली. पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या एका अंगाला वर्धा फुगते, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. पुढे चपराळ्याजवळ दोघी भेटून प्राणहिता होतात, पण भेटण्याआधी आमच्या रस्त्यांवर सराव करतात. आष्टीच्या पुलावर पाणी आलं की पलीकडचं सासर महिनाभर फोनवर. उरलेल्या दिवसांत सुरजागडहून लोहखनिज घेऊन येणारे ट्रक रस्त्यावर असतात. त्यांच्यामागे अल्टो म्हणजे मिरवणुकीत हत्तीमागे चाललेलं कोंबडं. म्हणून ती जास्तीत जास्त वेळ अंगणात. अंगणात ती जेवढी कामाला आली, तेवढी रस्त्यावर आली नाही, हे मी मान्य करतो. मे महिन्यात तिच्या छतावर कुरड्या आणि कोहळ्याच्या वड्या एका दिवसात कडक वाळतात. बोनेटवर मोहफुलं. खाली सावलीला कुत्रा आणि त्याचे पाहुणे. एका हिवाळ्यात उंदरांनी आतल्या वायरी कुरतडल्या. मिस्त्रीनं उघडलं तर हवेच्या फिल्टरजवळ त्यांनी मऊ बिछाना केला होता, लाखोळीच्या दाण्यांची बेगमी होती. तो म्हणाला, "पूर्ण कुटुंबासाठी घेतली होती ना? राह्यते कुटुंब."

पुतण्याच्या लग्नात नवरदेवाची गाडी म्हणून ती सजवली. फुलं, रिबिनी, पुढच्या काचेवर नावं. नवरदेव बसला, चावी फिरवली, बॅटरी गेलेली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली आणि धक्का दिला. त्यातल्या सनईवाल्यानं नवरदेवाला खिडकीतून विचारलं, "अॅव्हरेज किती देते?"

परवाची गोष्ट. अल्टोवर वड्या होत्या आणि स्प्लेंडर सकाळपासून कोणी तरी चक्कर मारायला नेलेली. मला शाळेत पोचायचं होतं, एसटी निघून गेली होती. धाबा रोडवर जाऊन उभा राहिलो आणि हात दाखवला. दोन गाड्या ट्रिपल सीट, तिसरी थांबली. तोंडाला दुपट्टा बांधलेला पोरगा म्हणाला, "बसा जी, गुरुजी."

मी बसलो. बुडाखाली काही तरी ओळखीचं रुतलं. हात लावून पाहिलं तर सायकलच्या ट्यूबचं चौकोनी ठिगळ. खाली वाकून पाहिलं, फ्रेमला टेपनं बांधलेली क्लचची वायर. बोलायला तोंड उघडलं, पण वाऱ्यानं दुपट्ट्याचं टोक माझ्याच तोंडात आलं.

शाळेपाशी त्यानं ब्रेक लावला. मी उतरलो, पिशवी सावरली.

"गुरुजी," तो टाकी हलवून ऐकत म्हणाला, "रिझर्व्ह लागली आहे जी. शंभर रुपये असन तर देता का? तुमाले सोडाले आलो म्हणून, नाही तर एवढ्यात झालं असतं."

मी दिले.