मोटारीमागे घर

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. फिरत्या घरात पलंग, स्वयंपाकघर, संडास; गाडीमागे जोडा आणि हिंडा. आता विलायतेतला जुना सल्ला असा, की ओढायच्या घराचं वजन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांवर जाऊ नये. आपली अल्टो मुळात टनाच्या आतली. तिच्यामागे या हिशेबाने फार तर न्हाणीघर निघेल, तेही बिनपाण्याचं. आणि आमच्या लातूरला बिनपाण्याचं काय नवल? 2016 साली इथं पाणीच रेल्वेने मिरजेहून आलं होतं.

खरं तर लातूर-नांदेडकडे फिरती घरं कधीचीच आहेत. दिवाळी सरली की ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात. मागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. त्यांत चूल, सरपण, कोयते, कोंबड्या, लेकरं आणि बोचक्यावर बसलेली म्हातारी. सगळा संसार साखर कारखान्याच्या वाटेला. याला पर्यटन म्हणत नाहीत, कारण मुकादमाची उचल फेडायची असते. संडास? शेत मोठं आहे की!

पुढे त्याच ट्रॉल्यांत ऊस लादतात आणि रात्री त्या अंधारासारख्याच काळ्या दिसतात. कारखानदार साहेब, कॅराव्हॅनचं सावकाश बघू. आधी मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर तेवढा लावा.