राजश्री आरएस-२३२ यांसी, मुक्काम काला अंब

राजश्री आरएस-२३२ गोसावी यांसी,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. येथील कुशल तुमच्या कृपेने नव्हे, तुम्हांला बाजूला सारून झालं, तेवढं कळवावं म्हणून हे खुलं पत्र. खाजगीत लिहिणार होतो. पण पंधरा मीटरच्या पलीकडून काही लिहिलं तर ते तुम्हांला पोचत नाही.

मुक्काम पानिपत. इथल्या आंब्याचा रस म्हणे काळा निघायचा. झाड गेलं, स्तंभ आला, ‘काला अंब’ हे नाव राहिलं. दरवर्षी १४ जानेवारीला इथे मराठी माणसं जमतात, हरियाणातले रोड मराठेही जमतात. गेल्या खेपेला इंटरकॉमचं काम माझ्याकडे होतं. गेटं, पार्किंग, भटारखाना, मंच असे वीस फोन. त्यांचं एक्स्चेंज मागच्या तंबूत, आणि सगळ्यांना हुकूम सोडणारा कंट्रोल कीबोर्ड एक्स्चेंजच्या शेजारी, तुमच्या, म्हणजे आरएस-२३२ जोडणीच्या, दोन मीटरच्या वायरीवर. आदल्या संध्याकाळी समितीला साक्षात्कार झाला की कीबोर्ड मंचाजवळ हवा. टेपने मोजलं. एकशे ऐंशी मीटर.

चूक माझीच. वायर लांबवली की हुकूमही लांब जातो, अशी माझी समजूत. तीन तारांची वायर जोडली, टोकं डाखली, तुमच्या नऊ पिनांतल्या दोन, तीन आणि पाचला बांधली. रात्री चाललं! तुम्ही चालवलंत, हेही मान्य. पहाटे धुकं उतरलं, जनरेटर सुरू झाला, आणि गेट नंबर तीनचं बटण दाबलं की भटारखान्याचा सात नंबर वाजू लागला. स्वयंपाकी तिसऱ्यांदा म्हणाला, ‘भाईसाहब, यहाँ कोई गेट नहीं है, यहाँ कढ़ी है.’

मग तुमची कुंडली काढली. जन्म १९६०. काम एवढंच की टर्मिनल आणि मोडेम एका खोलीत बसून बोलावेत. तुमच्या मानकाच्या जुन्या प्रतीत मर्यादा पंधरा मीटर. पुढे लांबीचा उल्लेख गाळून वायरीची धारिता २५०० पिकोफॅरडच्या आत ठेवा, असं लिहिलं. म्हणजे तेच, जरा पुस्तकी भाषेत. तुमच्या दरबारात एक म्हणजे उणे व्होल्ट आणि शून्य म्हणजे अधिक. तिथेच मी ओळखायला हवं होतं. वायर लांबली की प्रत्येक बिटाच्या कडा गोल होतात, वर जनरेटरची गुणगुण मिसळते, आणि तुम्ही मात्र सगळं एकाच सामाईक अर्थच्या तुलनेत मोजता. मंचाची अर्थ वेगळी, तंबूची वेगळी. संगणकाच्या लिपीत तीन आणि सात या आकड्यांत फरक एका बिटाचा. तो एक बिट वाटेत फितूर झाला.

हे लिहिताना ठिकाण आठवतं. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतलं, आणि अब्दाली बागपतला यमुना उतरला. दिल्लीची वाट तुटली, रसद तुटली, पत्रंही तुटली. पुढे १४ जानेवारी १७६१ चं जे झालं, ते नानासाहेबांना भेलशाकडे एका सावकारी चिठ्ठीतून कळलं. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक हिशोबात. ती चिठ्ठी शेकडो मैल एकही अक्षर न बिघडता गेली, राजश्री. तुमच्याने एकशे ऐंशी मीटरवर तीनचा तीन राहिला नाही.

दिल्लीच्या दुकानदाराला फोन केला. नाव सांगत नाही, त्याने तुमचंच मीठ खाल्लं आहे. ‘कन्व्हर्टर लगा लो,’ म्हणाला, आणि एक पाठवला. एक! या टोकाला तुमची बोली उलगडून पलीकडच्या बोलीत घालायची, तर त्या टोकाला ती परत तुमच्यात आणायला दुसरा नको? गलाईच्या धंद्यात दिल्लीत मुरलेले आमचे विट्याचे काका दुसरा घेऊन आले, तेव्हा साडेनऊ वाजले होते. लावला, तर मेलेला. हे डबे स्वतःची वीज तुमच्या हातमिळवणीच्या पिनांतून चोरतात, आणि आमच्या कीबोर्डाने त्या पिना जोडलेल्याच नव्हत्या. वेगळा ॲडॅप्टर दिला. दिवा लागला. तरीही निःशब्द.

काका म्हणाले, ‘पोरा, तारा उलट्या लाव की.’ मी म्हटलं, ‘काका, ए ला ए, बी ला बी, बरोबर लावलंय.’ ‘असू दे, उलट्या लाव.’ लावल्या. बोलला! कुणाचा ए अधिक तर कुणाचा ए उणे, कंपनीगणिक फरक. यावर मी फार विचार केला नाही, तुम्हीही करू नका.

तुमच्या जागी आता तुमचा धाकटा भाऊ आरएस-४२२ आहे. जाण्याला पिळाच्या तारांची एक जोडी, येण्याला दुसरी. तो अर्थकडे बघत नाही. दोन तारांमधला फरक बघतो, २०० मिलिव्होल्टचाही त्याला पुरतो. जनरेटरची गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच चढते, म्हणून वजाबाकीत उडून जाते. त्याची मजल १२०० मीटर. दूरच्या कानापाशी तारांवर १०० ओहमच्या आसपासचा एक रोध बांधावा लागतो, नाहीतर शब्द टोकावर आपटून माघारी येतात. आमच्या डब्यात त्याला एक बारीक स्विच होता. तो मी नखाने सरकवला, आणि नख तुटलं. अर्थ वेगवेगळी म्हणून डबे प्रकाशाने विलग ठेवणारे निवडले होते. ते एक शहाणपण माझं.

अकरा वाजता तीनचं बटण दाबलं. गेट नंबर तीनवरचा पोरगा धुक्यातून म्हणाला, ‘हां जी?’ त्या दोन शब्दांनी मी काय सुखावलो, ते तुम्हांला कळायचं नाही. भटारखाना शांत. कढी उकळत होती.

तुमच्यावर राग नाही. विश्वास पानिपतात गेला असं आपल्याकडे म्हणतात, तर तुमच्यावरचाही तिथेच गेला, इतकंच. बहुत काय लिहिणे.

ता. क. कीबोर्डापासून डब्यापर्यंतची आणि तिकडे डब्यापासून एक्स्चेंजपर्यंतची हातभर वायर अजून तुमचीच आहे. तेवढ्या वतनावरून तुम्हांला कुणी हलवलेलं नाही.