मेट्रो? धिस वे!

दादूस तुमच्याही गावात असणार. पूर्वी काशीला जाऊन आलेली म्हातारी जन्मभर गंगेची लोटी दाखवायची, तसा हा परदेशात फुटबॉलची मॅच बघून आलेला असतो. आमचा भिवंडीचा. २०२२च्या नोव्हेंबरात तिघा दोस्तांना घेऊन कतारच्या वर्ल्डकपला गेला आणि अजून पुरता परतलेला नाही.

मॅचबद्दल विचाराल तर दोन वाक्यांत संपवतो. लुसैलला मेस्सीची जर्सी घालून बसला, तर नेमकी त्याच दिवशी अर्जेंटिना सौदीकडून १-२ हरली. दुसऱ्या दिवशी स्पेनने कोस्टारिकाला सात गोल मारले, त्यातले दोन फेरान तोरेसचे. हाच फेरान तोरेस २०१७मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपची सेमीफायनल खेळायला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आला होता आणि तिथेही गोल मारून गेला होता. भिवंडीहून नेरुळ किती लांब? ‘‘तवा कोन जातंय मास्तर त्या ट्रॅफिकमदी!’’

दादूसच्या मनात भरला तो मेस्सी नव्हे, दोह्यातल्या सूक वाकिफ मेट्रो स्टेशनजवळ उंच खुर्चीवर बसलेला एक केनियन पोरगा. हातात फोमचा भलामोठा पंजा, तोंडाला भोंगा, आणि दिवसभर एकच मंत्र: ‘‘मेट्रो? धिस वे!’’ गर्दी त्याच्या सुरात सूर मिसळायची. पोरगा जगभर गाजला. दादूसने तसाच एक पंजा पैदा केला, तो थेट अंजूरफाट्यापर्यंत आणला, आणि आमचं वाटोळं झालं.

पुतण्याच्या हळदीला हा मांडवाच्या दारात. ‘‘मटण? धिस वे!’’ मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर हा. ‘‘बोट दाखवू नका’’ म्हणून पोलिसाने हाकलला. एका मयताला पंजा नव्हता, पण चौकात अंत्ययात्रा थबकली तेव्हा याचा उजवा हात आपसूक वर जायला लागला. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. कुणी खरंच मेट्रोचं विचारलं, तर मात्र दादूसची पंचाईत होते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८चं. बरोब्बर चार वर्षांनी, त्याच तारखेला लुसैलला अर्जेंटिना वर्ल्डकप जिंकली. आम्ही तोवर खांबच मोजत होतो. दादूस त्या खांबांकडे पंजा करून म्हणतो, ‘‘मेट्रो? धिस वे... आली तर.’’

बाकीच्या तिघांचं वेगळंच. त्यांतला लूमवाला बिअरच्या आशेवर गेला होता. स्पर्धेच्या दोन दिवस आधी स्टेडियममध्ये बिअर बंद झाली आणि त्याचा वर्ल्डकप सुरू होण्याआधीच संपला. सुताच्या दलालाला पत्र्याच्या केबिनमध्ये झोप येईना. रात्रभर तो दिऱ्हमचे, नाही, रियालचे रुपये करत बसायचा. ट्रान्सपोर्टवाला कंटेनरांनी बांधलेलं ‘स्टेडियम ९७४’ बघून खचला. ‘‘एवढं विमानाचं भाडं भरून कंटेनर बघायला आलो? मानकोली नाक्यावर उभा राहिलो असतो!’’ रोनाल्डोने तिथे पेनल्टी मारून पाचव्या वर्ल्डकपमध्ये गोल केला, तेव्हा हा गडी कंटेनर एकावर एक कसे अडकवलेत ते वाकून बघत होता. सोबत नेलेली जवळ्याची चटणी मात्र तिसऱ्या दिवशी संपली. शेजारच्या केबिनमधल्या मेक्सिकन मंडळींनी एकदा चाखली आणि मग रोज भांडं घेऊन दारात. ही हकिगत चौघंही सारखीच सांगतात, म्हणून मी खरी धरतो.

आता हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. दादूसचं सगळं ऐश्वर्य गाळ्यांच्या भाड्याचं. बापाच्या भाताच्या खाचरात भराव टाकून गोडाऊनं उभी राहिली, आज तिथे दुनियेचे टीव्ही आणि चपला रचलेल्या असतात. पूर्वी कापणी झाली की त्याच खाचरांत फुटबॉल चालायचा. अनवाणी. धसकटं पायांत घुसायची, बॉल बांधाला आपटून भलतीकडेच उडायचा. दादूस गोलकीपर, कारण बॉल त्याच्या काकाचा. तो दलाल, तो लूमवाला, तो ट्रान्सपोर्टवाला याच टीममधले.

परवा त्याच्या गाळ्यांमागे गेलो होतो. दोन गोडाऊनांच्या मधला तुकडा मोकळा. लाखाचं भाडं सांगत दलाल खेपा घालतात, हा ‘बघू’ म्हणून त्यांना चहा पाजतो. दोन्ही टोकांना नायलॉनच्या जाळ्या. हमालांची, ड्रायव्हरांची बिहार-यूपीची पोरं धूळ उडवत खेळत होती. पंजा जाळीमागे खुंटीला टांगलेला. दादूस स्वतः, पोट सांभाळत, एका काटक्या पोराला डाईव्ह कशी मारायची ते शिकवत होता: ‘‘अरे, बॉल देख, मेरेकू क्या देखता है!’’ कतार मला शंभरदा सांगितलेल्या या माणसाने ह्या तुकड्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मला बघून तो थोडा ओशाळला आणि लगेच विषय बदलला.

म्हणाला, २०२६चा वर्ल्डकप अमेरिकेत, फायनल न्यूजर्सीला. व्हिसाचा फॉर्म तुम्हीच भरून द्या. भरायला बसलो. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं.

‘‘शेती.’’

‘‘दादूस, बारा गाळे आहेत तुझे!’’

‘‘आसू देत. सातबाऱ्यावर आजून भातच हाय.’’