मागच्या सीटवरचा माणूस

कुवेतमधल्या हवल्लीत ट्युनिस स्ट्रीटवर मागून दिवे लुकलुकले, भोंग्यावर गाडीचा नंबर पुकारला गेला, की ड्रायव्हर गाडी उजव्या कडेला घेतो. मग तो आरशात बघतो. पोलीस अजून उतरायचा असतो. ड्रायव्हर बघत असतो मागच्या सीटकडे. तिथे बसलेला माणूस आता काय बोलतो, यावर त्याचा महिना कसा जाणार ते ठरायचं असतं. आणि तो माणूस बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. मोबाईल काढतो आणि मान खाली घालून बसतो.

मला राग या माणसाचा येतो.

पोलिसांनी अडवल्यावर ड्रायव्हर कसे वागतात, यावर आपल्याकडे गप्पा पुष्कळ होतात. कोण हात जोडतो, कोण हुज्जत घालतो, कोण बायकोच्या बाळंतपणाची गोष्ट रचतो. ज्याच्यासाठी गाडी पळत होती त्याच्या वागण्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

हवल्लीतला आपला ड्रायव्हर रत्नागिरीचा असो, श्रीवर्धनचा असो, वा आंध्रातला, अडवल्यावर तो फारसं बोलत नाही. काच खाली करतो, सलाम करतो, सिव्हिल आयडी, लायसन्स आणि गाडीचं दफ्तर, म्हणजे नोंदणीपत्र, पुढे धरतो. हा त्याचा स्वभाव नव्हे, त्याने केलेला हिशेब आहे. २२ एप्रिल २०२५ पासून कुवेतमध्ये वाहतुकीचा सुधारित कायदा लागू झाला. मूळ कायदा १९७६ चा, त्यातले दंड जुन्या काळातले. नव्या कायद्यात सिग्नल तोडल्याचा दंड ५० दिनारवरून १५० वर गेला, सीटबेल्टचा १० वरून ३० वर. गाडी चालवताना हातात फोन धरला तर पूर्वी ५ दिनार लागायचे. आता ७५.

या पंचाहत्तरपाशी जरा थांबा. कुवेतमध्ये खासगी क्षेत्रातल्या कामगाराचं किमान वेतन महिना ७५ दिनार आहे. घरकामगारांसाठी, आणि घरचा ड्रायव्हर त्यांतच मोडतो, २०१६ मध्ये ठरलेला किमान आकडा ६० दिनारांचा. म्हणजे एकदा फोन उचलला की महिन्याचा पगार गेला, वर पुढच्या महिन्यातलेही थोडे गेले. प्रत्यक्षात पुष्कळ ड्रायव्हरांना याहून जास्त पगार मिळतो, हे मला ठाऊक आहे. तरी ज्याच्या हातात शंभर-सव्वाशे पडतात आणि त्यातले ऐंशी गावी जातात, त्याने ७५ कुठून आणायचे?

दंड चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. फोनवर बोलत गाडी हाकणारा माणूस जीव घेतो, आणि ५ दिनार ही त्या जिवाची थट्टाच होती. मला विचारायचंय ते वेगळंच. चालत्या गाडीत त्याला फोन केला कुणी?

‘कुठे पोचलास?’ ‘अजून किती वेळ?’ ‘येताना बैरूत स्ट्रीटवरून कोथिंबीर घेऊन ये.’ घरच्या ड्रायव्हरला, कंपनीच्या ड्रायव्हरला, शाळेच्या व्हॅनवाल्याला दिवसभर येणारे फोन हे असे असतात. उचलला नाही तर बोलणी खावी लागतात. उचलला तर कॅमेरा टिपतो. फोन करणारी मॅडम किंवा साहेब त्या फोटोत कधीच येत नाहीत.

आणि प्रश्न नुसत्या दंडाचाही नसतो. ऑगस्ट २०२३ पासून परदेशी माणसाला वाहतुकीचा दंड भरल्याशिवाय कुवेत सोडता येत नाही. आई आजारी आहे म्हणून निघालेला माणूस विमानतळावर अडतो. लायसन्स त्याच्या ड्रायव्हरच्या हुद्द्यावर मिळालेलं असतं, हुद्दा बदलला की तेही जातं. २०१३ मध्ये तर गंभीर वाहतूक गुन्ह्यांवरून परदेशी लोकांना थेट मायदेशी धाडायला सुरुवात झाली. त्या गुन्ह्यांत विनापरवाना गाडी चालवणं होतं, आणि खासगी गाडीतून पैसे घेऊन प्रवासी नेणंही.

हा शेवटचा गुन्हा आपल्या फार जवळचा आहे. हवल्लीतून साल्मियाकडे शाळेला मुलं नेणाऱ्या गाड्या आठवा. शाळेची बस महाग पडते, वेळा जमत नाहीत, मग कुणाच्या तरी ओळखीचा एक भाई आपल्या खासगी गाडीतून सहा-सात पोरं नेतो, दर पोरामागे महिन्याचे ठरलेले दिनार घेतो. गाडीत जागा पाचांची. दहा वर्षांखालच्या मुलाने मागे बसायचं, हा नियमही मग गुंडाळून ठेवला जातो. आईबापांना यातलं सगळं माहीत असतं. आणि कुणी अडवलं तर काय सांगायचं, तेही मुलांना पढवलेलं असतं: ‘हे आमचे अंकल आहेत.’

आठ वर्षांच्या पोराला पोलिसापुढे खोटं बोलायला आपण शिकवतो, कशासाठी? महिन्याला काही दिनार वाचावेत म्हणून. पोर अडखळलं तर विमानात बसेल तो भाई. आपण दुसऱ्या दिवशी दुसरा भाई शोधू. या व्यवहारात आपण गिऱ्हाईक नाही, भागीदार आहोत, आणि नफ्यातला मोठा वाटा आपला आहे. अशा गाडीवाल्याला अडवल्याची बातमी आली की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘मग उद्या मुलांना कोण नेणार?’ त्या माणसाचं काय झालं, हे विचारणारा मेसेज आला तर तो फार उशिरा येतो.

महाराष्ट्रात हाच मागच्या सीटवरचा माणूस गप्प बसत नाही. तिथे काच खाली करून तोच बोलतो. ट्रॅफिकवाल्या मामांना आमदाराचं नाव सांगतो, फोन लावून मोबाईल पुढे करतो, ‘घ्या, साहेबांशी बोला.’ केंद्राने वाढवलेले दंड देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. महाराष्ट्र सरकारने ते डिसेंबर २०२१ पर्यंत अडवून धरले, कारण मतदार रागावला असता. अशा राज्यातून आलेला माणूस हवल्लीत एकदम शिस्तीचा होतो, म्हणून आपण कौतुक करतो. मला त्यात कौतुक दिसत नाही. तिथे तो बोलतो ते स्वतःचा उशीर टळावा म्हणून, इथे गप्प बसतो ते स्वतःचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जपायला. दोन्हीकडे ड्रायव्हर उन्हात उभा असतो.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर मेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्या प्रकरणातली मला सर्वांत भयंकर वाटलेली गोष्ट पुढची आहे. गुन्हा स्वतःच्या अंगावर घे म्हणून घरच्या ड्रायव्हरला डांबून ठेवल्याचा आणि धमकावल्याचा गुन्हा पोलिसांनी नोंदवला, आणि मुलाच्या वडिलांना व आजोबांना त्यात अटक झाली. निकाल कोर्ट देईल. पण ‘ड्रायव्हरच्या नावावर टाकू’ ही कल्पना तिथे अचानक जन्मली नाही. सिग्नल तोडायला सांगून दंड त्याच्या पगारातून कापणाऱ्या प्रत्येक घरात तिचंच छोटं रूप दिसतं.

ड्रायव्हरवर ढकलायची ही सवय कायद्यालाही आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा झाला. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ब वाचा. बेल्ट न लावलेले प्रवासी नेणाऱ्यालाच ते शिक्षा सांगतं. म्हणजे साहेबाने बेल्ट लावला नाही, तर दंड टॅक्सीवाल्याला. साहेबाला ‘बेल्ट लावा’ असं दोनदा सांगायची टॅक्सीवाल्याची छाती आहे का, हे कलम लिहिणाऱ्यांनी विचारलं नाही. स्टिअरिंगच्या पलीकडे कायद्याचा हात पोचत नाही, असंही नाही. त्याच कायद्यात कलम १९९अ आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. पोराच्या बाबतीत हे सुचलं, बेल्ट न लावणाऱ्या साहेबाच्या बाबतीत सुचलं नाही.

इकडे कुवेतच्या उन्हाळ्यात सकाळी अकरा ते दुपारी चार दुचाकीवरून डिलिव्हरीला बंदी असते. त्या वेळात ‘जरा आणून दे ना’ म्हणून डिलिव्हरीच्या पोराला खासगी फोन करणारेही आपल्यातच आहेत. तो पकडला गेला तर बिर्याणी मागवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मागे बसणाऱ्यालाही भीती असते, हे मला मान्य आहे. त्याचाही इकामा आहे, घरी पोरं आहेत, अरबी त्याला चार शब्दांपलीकडे येत नाही. पोलिसाशी वाद घाला असं मी सांगतही नाही. वास्ता लावा असं तर मुळीच नाही, कारण वशिल्याने दंडातून सुटलेला ड्रायव्हर पुढे जन्मभर मिंधा राहतो. पण ‘फोन आमच्या घरून आला होता’ एवढं सांगणं कुठल्याच देशात गुन्हा नाही.

म्हणून हवल्ली-साल्मियातल्या आपल्या घरांकडे माझी मागणी साधी आहे. गाडी निघाली की फोन करायचा नाही. उशीर झाला तर झाला. मुलांसाठी गाडी ठरवताना ती प्रवासी नेण्याच्या परवान्याची आहे का ते विचारा, आणि नसेल तर शाळेच्या बसचे पैसे मोजा. मुलाच्या तोंडी अंकल घालू नका. दंडाचा मेसेज आला की ड्रायव्हरसोबत बसून साहेल या सरकारी ॲपवर तारीख, वेळ, जागा बघा, कारण वाचा, चूक वाटलं तर रीतसर तक्रार नोंदवायला त्याला मदत करा. अरबी फॉर्म त्याला एकट्याला भरता येणार नाही.

आणि गाडी थांबली असेल, फोन तुमच्या घरून आला असेल, तर उतरा, तसं सांगा. पोलीस पावती फाडेलच, दंड एका फिल्सनेही कमी होणार नाही. पण ते ७५ दिनार कुणाच्या खिशातून जायचे, हे तिथेच, ड्रायव्हरच्या देखत ठरेल.